सूर्यास्तापूर्वी वीस पानं

११ जुलै
चातुर्मास सुरू. आमच्या जैन मंदिरात सगळ्यांनी नियम घेतले. वडिलांनी चहा सोडला, काकूंनी पालेभाजी. मी उभं राहून जाहीर केलं की रोज कादंबरीची वीस पानं वाचल्याशिवाय संध्याकाळी जेवणार नाही. लोक बघतच राहिले. बारावीच्या प्रगत साहित्याच्या वर्गात आम्ही नऊच जण. सरांनी दिलेली कादंबरी ३८० पानांची, म्हणजे एकोणीस दिवस. तोंडी परीक्षा २ ऑगस्टला. शेवटचे दोन दिवस आराम.

१२ जुलै, सायं. ६.५०
मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि कोरी पानं धरून एकोणीस. मलपृष्ठ वाचून वीस केली. जेवलो. प्रस्तावना वाचली नाही, पण पाहिली.

१५ जुलै
सूर्यास्त ७.१०. पुस्तक उघडलं ७ वाजता. दहा मिनिटांत वीस पानं कुणालाच जमणार नाहीत. दिवस मावळल्यावर आमच्या घरात कुणी खात नाही, म्हणून उपाशी. आई ताट घेऊन शेजारीच बसली होती. म्हणाली, वाच रं बिगीबिगी, दिस बुडाय लागलाय. तिच्यामुळे लक्ष विचलित झालं.

१९ जुलै
सलग पाचवा उपास. वर्गातल्या ब्राह्मीची म्हणे निम्मी कादंबरी झाली. आईला सांगितलं, घाईने वाचणाऱ्याला साहित्य कळत नाही. मी मुरवत वाचतो. पान ११.

२३ जुलै
आईला ताटापाशी नुसतं बसून कंटाळा येतो. पुस्तक तिच्या हातात दिलं आणि तेवढ्यात वाचनाचं टाइमटेबल आखलं. चार रंगांत. फारच देखणं झालंय. रंगवेपर्यंत दिवस बुडाला.

२७ जुलै
मंदिराचे अध्यक्ष आप्पासो माझ्याकडे बघून म्हणाले, आर्जव लय वाळलाय, या वयात केवढं तप. खुलासा करणार होतो, पण वडीलधाऱ्यांना मध्येच तोडू नये. पुढच्या रविवारी माझा सत्कार ठरला.

३० जुलै
आज ताटच आलं नाही. आई स्वयंपाकघरात वाचत बसली होती. पुस्तक मागितलं तर म्हणाली, थांब जरा, धाच पानं ऱ्हायलीत. डोळे लाल. नववीत शाळा सुटलेली बाई, तिला काय एवढं समजणार?

२ ऑगस्ट
तोंडी परीक्षा, पालकांसह. सरांनी विचारलं, नायिका घर सोडते ते योग्य वाटतं का? म्हणालो, परिस्थिती पाहता योग्यच. शेजारून आई हळूच म्हणाली, ती घर सोडतच न्हाई की, सर. उंबऱ्यातनं माघारी येती. मग दोघं अर्धा तास बोलत होते. आई एवढी बोलते हे मला माहीत नव्हतं. खोटं कशाला लिहू, लाज वाटली. मला चाळीसपैकी दोन. आईला सरांनी स्वतःकडची दुसरी कादंबरी वाचायला दिली.

३ ऑगस्ट
सत्कार झाला. शाल, श्रीफळ. नंतर आईने सगळ्यांसमोर नियम घेतला की रोज वीस पानं वाचल्याशिवाय संध्याकाळच्या स्वयंपाकाला हात लावणार नाही.

४ ऑगस्ट, सायं. ६.२०
सूर्यास्त ७.०६. आई सातव्या पानावर. दोनदा म्हटलं, जरा भरभर वाच. म्हणाली, घाईनं वाचलं तर कळत न्हाई, तूच म्हनतोस न्हवं?
कादंबरी ५१२ पानांची आहे. नारळ फोडून खातोय.