पाणी न पिणारी बोट

२१ नोव्हें. १९६६, सोम.
मुंबईच्या शेठच्या बोटीचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. बोट फायबरची, परदेशातून आलेली, आरशासारखी गुळगुळीत. अख्ख्या पनवेल बंदरात एकच. मागच्या अंगाला पाण्यालगत सागवानी फळ्यांचा कट्टा बसवायचा, म्हणजे शेठच्या पाहुण्यांना त्यावरून पोहायला उतरता येईल. मी विचारलं, आमच्या खाडीच्या चिखलात पोहणार कोण? शेठचा मॅनेजर म्हणाला, "इथे नाही हो, मांडव्याला." असं तोंड करून, जणू मीच चिखलात बसलेली म्हैस.
मी इंजिनाचा फिटर. लाकूडकामाला कामोठ्याचे जोमामिस्त्री, आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. होडीचा असा सुतार खाडीत दुसरा नाही.

२३, बुध.
मॅनेजर आज तीनदा. "झालं का?" पौर्णिमेच्या भरतीला बोट पाण्यात पाहिजेच म्हणे. जो.मि.च्या देखत मला "ए फिटर" म्हणाला. पाना त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला. जो.मि. हसले. "बोलू दे रं. तोंड हाय त्याला."

२५, शुक्र.
कट्ट्याचे लोखंडी आधार आजच हातात आले, तेही दुपार टळल्यावर. सूर्य बुडायच्या आत घरी पोचायचं, बायको, रिबेका, शब्बाथची बत्ती लावायला माझ्यासाठी थांबायची नाही. मग शनिवारी सूर्य बुडेपर्यंत आम्हा इस्राएलींना काम वर्ज्य. निघताना घाईत जो.मि.ना सांगितलं, "काका, उद्या मी नाही. भोकं पाडून बोल्ट आवळून घ्या. नेहमीसारखं."
"तुजा शनवार तू कर, दानेल. मी हाय."

२७, रवि.
सकाळी जाऊन पाहिलं. काम सुरेख. फळ्यांवरून हात फिरवला, सांधा लागत नाही. बोल्टांभोवती कापूस ठासलेला, वरून राळ. मॅनेजरने वाकून वाकून पाहिलं, खोट सापडेना. त्याचा त्याला त्रास झालेला दिसला. माझा दिवस चांगला गेला.

२८, सोम. पौर्णिमा.
दुपारच्या भरतीला बोट उतरवली. जो.मि.नी नारळ फोडला. कट्टा बरोब्बर पाण्यालगत बसला. आत तळाला थोडं पाणी आलं. नवं काम, येणारच. दोन दिवस पाणी पिऊ दे, बसेल. घरी पापलेटचं कालवण. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२९, मंगळ.
बुडाली. मागचा सगळा भाग पाण्यात, इंजिनासकट. नाक तेवढं वर. आधाराचे खालचे बोल्ट पाण्याखाली येतात, त्यांच्या भोकांतून रात्रभर पाणी शिरलं.
लाकडी होडीला भोक किंचित सैल ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, भोक मिटतं. शेंबडं पोरही सांगेल. पण फायबर पाणी पीत नाही, फुगत नाही. पाण्यात ठेवून काचेचा पेला फुगलाय कधी? चाळीस वर्षं होड्या बांधल्या आणि या माणसाला एवढं कळू नये? सगळ्यांदेखत बोललो त्यांना. म्हातारपणी अक्कल विकून खाल्लीत का, असंही. ते डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. त्याचा जास्तच राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं.

३०, बुध.
मॅ. म्हणतो, चूक कुणाची ते लेखी द्या. दिलं. चार ओळी. मी हजर नसताना मिस्त्रीने मला न विचारता भोकं सैल पाडली. खाली सही. यात खोटं काय आहे? नव्हतोच मी.

१ डिसें., गुरु.
जो.मि.ना बंदरावर मज्जाव. बंदराचा ठेकेदार म्हणजे शेठच्या ताटाखालचं मांजर. हत्यारांची पेटी उचलून फाटकाबाहेर ठेवली. होड्यांची सगळी कामं याच बंदरावर, म्हणजे माणसाचे हातच तोडले. असं करा म्हणून मी सांगितलं नव्हतं. मी फक्त लिहून दिलं.
जेवताना रिबेकाला सगळं सांगितलं. जो.मि.नी किती मोठी चूक केली तेही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "सोमवारी तुम्हीच नाही का म्हणालात, आत पाणी आलंय पण पिऊन बसेल?"
ताटावरून उठलो. तुला बोटीतलं काय कळतं, असं ओरडलो. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

२, शुक्र.
सोमवारचं पान काढून वाचलं. माझंच अक्षर. पाणी मी पाहिलं होतं. तेव्हाच बोट ओढून काढली असती तर इंजिन वाचलं असतं, काकाही वाचले असते. मीसुद्धा लाकडी होड्यांतच वाढलो. भोकं मी पाडली असती तर तशीच पाडली असती. आणि 'नेहमीसारखं' म्हणालो ते कोण? लाज वाटते. मंगळवारचं पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं, राहू दे तोंडासमोर.
मॅ.कडे गेलो, कागद परत द्या म्हटलं. "मुंबईला गेला शेठकडे." मग दुसरा लिहून घ्या. "शेठला एक कारण पुरतं. तुम्ही सुटलात ना? मग पायावर धोंडा का पाडून घेता?" टेबलावर मूठ आपटली. त्याचं काही बिघडलं नाही, माझा हात सुजला. चूक माझी आणि राग त्याच्यावर, हेही कळतंय. तरी तो माणूस नीच आहे.
बत्तीची वेळ झाली.

४, रवि.
शेठला मुंबईच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. दोन वेळा फाडलं. पहिल्यांदा स्वतःला फार शिव्या घातल्या, दुसऱ्यांदा फार सांभाळून घेतलं. तिसरं राहिलं. सैल भोकांचं, पाणी पाहिल्याचं, आधीच्या कागदाचं, सगळं आहे.

५, सोम.
पत्र रजिस्टर केलं आणि तसाच सायकलने कामोठ्याला. जो.मि. अंगणात मिठागराच्या फावड्याला दांडा बसवत होते. होड्या बांधणारा माणूस. काकूंनी पाणी आणून दिलं, एरवी चौकशी करतात, आज आत निघून गेल्या.
"काका, तो कागद मी दिला."
"ठाव हाय."
"शेठला दुसरं पत्र टाकलंय, खरं ते लिहून. तो आला की माझ्याबरोबर चला. तोंडावर सांगू."
त्यांनी दांडा उन्हात धरून एक डोळा मिटून पाहिला. मग जे सांगायला इतक्या लांब गेलो होतो ते सांगितलं, की सोमवारी आतलं पाणी मी पाहिलं होतं.
"त्ये बी ठाव हाय," ते म्हणाले. "पानी आलं तवा मी तुज्या तोंडाकडंच बगत होतो. म्हनलं, या फायबरचं मला काय ठाव नाय, दानेलला ठाव असंल. तू हसलास, म्हनून मी घरी गेलो."