तुमच्या मिशीची खरी तारीख

गुरुजी, शाळेच्या स्मरणिकेत तुमच्या नातवाने लिहिले आहे की, राज्यपुनर्रचनेत आपला जिल्हा मराठी मुलखाबाहेर राहिला, त्या दिवशी तुम्ही निषेध म्हणून मिशी उतरवली. लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या. हे विधान मात्र तसे दुरुस्त होण्यासारखे नाही. तुमची मिशी त्याच्या कितीतरी आधी, उर्दू जाऊन शाळेत मराठी आली त्याच वर्षी गेली होती. आणि ती राज्यासाठी नव्हे, माझ्यासाठी गेली होती.

माझे दोन्ही कान वाहत असत. सर्दी झाली की आधी ठणका, मग पू, मग वास. आपल्या तामसीच्या शाळेत असे कान आणखीही मुलांचे होते आणि आम्हा सगळ्यांची जागा मागच्या भिंतीशी, दाराजवळ होती. "सरक ना बे, नासक्या," हे वर्गमित्रांच्या ओठांवरून मला नीट कळे. शुद्धलेखनाच्या तासाला माझी पाटी कोरी राही, आणि तुम्ही काय रागावलात ते शेजारचा मला नंतर सांगे.

पोळा होऊन गेला होता. संध्याकाळी तुम्ही तक्रार घेऊन घरी आलात. आई चुलीपुढे ज्वारीची भाकर थापते आहे. अंगणापलीकडून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून ती मला पाणी आणायला सांगते आणि मी तांब्या घेऊन येतो. तुम्ही चकित होऊन काही विचारता. ते मला कळत नाही. आईचे उत्तर कळते.

"आयकू नाही येत त्याले, गुर्जी. तोंड पाह्यते तो. तुमच्या तोंडावर त मिशाइचं छप्पर हाय, त्याले काय दिसन?"

आई हसली. तुम्ही हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मिशी काढून वर्गात आलात. वडील गेल्याशिवाय मिशी काढत नाहीत, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको होते. दुपारपर्यंत अर्धे गाव तुमच्या घरी सांत्वनाला जमले. ओट्यावर तुमचे वडील चिलीम ओढत बसलेले होते. पुढचे आईने घरी येऊन मला नक्कल करून दाखवले.

"काऊन जमले रे सारे? कोन मेलं?"

मग त्यांची नजर तुमच्यावर गेली.

"मीच मेलो का? मले सांगतलं त असतं!"

गाव हसले, वडील मात्र पुन्हा कधी तुमच्या पंक्तीला जेवायला बसले नाहीत. कारण विचारणाऱ्याला तुम्ही "उकडत होतं" एवढेच सांगत राहिलात. माझे नाव तुम्ही वडिलांनाही सांगितले नाही.

मला तुम्ही पहिल्या रांगेत आणलेत. बसने आदिलाबादच्या दवाखान्यात नेलेत, आणि कानात तेल न घालता कापसाची वात फिरवून तो कोरडा कसा ठेवायचा, हे आईला शिकवलेत. माझी भाषा मी तुमच्या ओठांवरून आणि फळ्यावरून उचलली. म्हणून ती गावासारखी नाही, पुस्तकासारखी आहे. पुढे मी आदिलाबादच्या शाळेत गेलो. तिथेही वाहत्या कानांची मुले मागच्याच भिंतीशी होती, आणि मास्तरांना मिशा होत्या.

आता घरात मी एकटा आहे. कानात यंत्र आहे, पण समोर बसून बोलणारे कुणी नाही. मुलगी फोन करते. फोनला ओठ नसतात.

नातवाला हे कळवणार नाही. आजोबांचा त्याला अभिमान आहे, तो असू द्यावा. तरी क्रम शुद्ध असावा, म्हणून नोंदवून ठेवतो:

मिशी काढली: शाळेत मराठी आली त्या वर्षी, पोळ्यानंतर.

तुमचे वडील गेले: त्यानंतरच्या उन्हाळ्यात. तेव्हा काढायला तुमच्याकडे मिशी नव्हती.

राज्यपुनर्रचना: १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी मी आदिलाबादला होतो. तुम्ही काय केलेत, ते मला ठाऊक नाही.

मिशी पुन्हा ठेवली: कधीच नाही. दर वर्षी एखादा वाहता कान पहिल्या रांगेत येऊन बसत होता.

तुमचा आवाज स्पष्ट ऐकला: नोंद नाही. तुमचे ओठ मला अजून दिसतात, गुरुजी. आवाज कसा होता, हे मला सांगता येणार नाही.