कात्री चालताना

३ मार्च, सोमवार

दुखणं पायांचं, आणि औषध म्हणून हातात काय दिलं? शिट्टी! पायांच्या शिरा थकल्यात, रक्त खाली साचतं, म्हणून घोट्याला तपकिरी डाग आणि त्यात ही हट्टी जखम. इथपर्यंत मला कळतं. पण डॉक्टरांनी आज श्वासाचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. नाकाला चिमटा, तोंडात निळ्या यंत्राची तोटी. श्वासबाई म्हणाल्या, "छातीखालचा पडदा बळकट झाला की दर श्वासाला पायातलं रक्त वर यायला मदत होते. घट्ट मोजे, चालणं, पाय उशीवर ठेवणं हे आहेच. ही त्याला जोड."

म्हणजे चप्पल तुटली म्हणून टोपी शिवून घ्यायची. बरं बाई.

४ मार्च

नवऱ्यानं नाकाचा चिमटा पाहिला. "दोरीवर वाळत घालू का तुला?" आमच्या संसारात विनोद त्यांच्याकडे, वाळत घालणं माझ्याकडे.

७ मार्च

कारखान्याच्या मालकीणबाईंना माझी फार काळजी! "महिनाअखेरपर्यंत बघू. दिवसभर उभी राहू शकलीस तर कापायचं टेबल तुझंच. नाहीतर बटणं लाव. बसून काम, आराम!"

अर्धं आयुष्य त्या टेबलाशी उभी राहून शाळांचे गणवेश कापले. अख्ख्या गावाची पोरं माझ्या मापात वाढली. आता आराम!

आणि टेबल कुणाला? माझ्याच हाताखाली कापायला शिकलेल्या धाकट्या जाऊबाईंना. घरात खिडकीची खोली त्यांना, धाकटी सून म्हणून लाड त्यांचे, आता टेबलही. वर मला म्हणते, "ताई, तुम्ही काळजी करू नका. मी सांभाळीन." सांभाळशील ग. शिकवलंय कुणी?

११ मार्च

व्यायाम मला भलताच सोपा जातोय. काही जोरच लागत नाही! बहुतेक माझी फुप्फुसं पैलवानाची आहेत. शिरांनी त्यांच्याकडून काही शिकावं.

१४ मार्च

पैलवानकी संपली. श्वासबाईंनी करून दाखवायला सांगितलं. मी ऐटीत केलं. त्या बघतच राहिल्या. "अहो, तुम्ही फुंकताय! आत ओढायचं असतं. जोर आत ओढताना लागतो."

इतके दिवस मी निष्ठेनं एका प्लॅस्टिकच्या डबीला वारा घालत होते.

मग आत ओढलं. डोळ्यांपुढे काजवे! यंत्र कसलं, बंद दार ओढल्यासारखं.

घाम पुसत होते तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "काम करताना श्वास कसा घेता?"

"कापताना? घेतच नाही."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग समजावून सांगितलं. कापडाचे थर एकावर एक, वर खडूची रेघ, आणि जड कात्री. श्वास रोखायचा, रेघ संपली की सोडायचा. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "श्वास हलला की हात हलला, हात हलला की माल गेला." आमच्यात सगळेच असं कापतात. जाऊसुद्धा.

बाईंनी कपाळाला हात लावला. "पाय खांबासारखे उभे, वर श्वासही बंद. त्या रक्तानं वर यायचं तरी कुणाच्या भरवशावर?"

पहिल्यांदाच त्यांचं हसू आलं नाही मला.

१९ मार्च

श्वास घेत कापून पाहिलं. झालं! बाह्यांचा अख्खा गठ्ठा नागमोडी.

मालकीणबाईंनी एक बाही दोन बोटांत धरून उचलली, जशी मेलेली पाल. "या वर्षी मुलांचे डावे हात आखूड आलेत का ग?"

सगळा कारखाना हसला. जाऊ मात्र हसली नाही. तुकडे गोळा करत म्हणाली, "खिसे निघतील यातून." आणि काढलेही. जेवायची सुट्टी मोडून.

चांगलं वागून माणसाला किती छळता येतं, हे तिच्याकडून शिकावं.

२४ मार्च

जमलं!! कात्री उघडताना श्वास आत, मिटताना बाहेर. सावकाश. रेघ सरळ. हात स्थिर. जखमेच्या कडेला नवी गुलाबी कातडी दिसतेय, नखाएवढी.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाले, "वा, आता फुगे विकायला मोकळी." पण झोपायच्या आधी पाहिलं तर माझ्या पायांखालची उशी दुप्पट जाड झाली होती. त्यांच्या डोक्याखाली काहीच नव्हतं. कौतुक काही केलं नाही. लाडावतील.

२८ मार्च

आज परीक्षा. सकाळपासून उभी. श्वास चुकला नाही, रेघ चुकली नाही. संध्याकाळी पाय मात्र चुकले. मोज्याच्या काठावरून मांस उतू आलं होतं. मालकीणबाईंनी वाकून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "सोमवारपासून तुझी जाऊ टेबलावर. तुझ्या भल्यासाठीच ग."

माझं भलं चिंतणाऱ्यांनी निदान मला विचारून चिंतावं.

कात्री फडक्यात गुंडाळून घरी आणली. श्वासबाईंनी सांगायला हवं होतं — आत खोल ओढलं की रडूही गिळता येतं. तेवढा फायदा नक्की झाला.

२९ मार्च

व्यायाम केला नाही. कुणासाठी करायचा?

३० मार्च

केला. त्या जखमेचा काय दोष.

३१ मार्च, सोमवार

बटणांच्या डब्याशी बसले होते. मालकीणबाईंनी जाऊच्या हातात खडू दिला. तिनं तो टेबलावर ठेवला, खाली वाकली, आणि सगळ्यांसमोर डावा मोजा टाचेपर्यंत ओढला. तोच तपकिरी डाग. माझ्यापेक्षा मोठा.

"अर्धा दिवस ताई उभ्या राहतील, अर्धा दिवस मी. नाहीतर दोघींनाही बटणं द्या, आणि कापायला माणूस शोधा."

मालकीणबाईंनी तिचा पाय पाहिला, माझा पाहिला. मग खडूकडे बोट केलं — घ्या, काय करायचं ते करा.

मी उठून जाऊजवळ गेले. हळूच विचारलं, "कधीपासून ग?"

मोजा वर ओढत म्हणाली, "तुमच्या आधीपासून."