फोटोखालची फुलं

माय, तू गेलीस तेव्हा मला धड वाचता येत नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी शिकले, आणि आता त्या वाचण्यावरच पोट चाललं आहे. जळगाव जामोदला एका दुकानाच्या माडीवर आम्ही चार-पाच बाया कॉम्प्युटरपुढे बसतो. लोक फोनवर कंपन्यांबद्दल जे लिहितात ते आमच्यापुढे येतं, आणि प्रत्येकाखाली आम्ही एक बटण दाबतो: चांगलं, वाईट किंवा तटस्थ. आमच्या खुणा बघून मशीन शिकतं, आणि लोकांचा मूड ओळखून कोणता शेअर उद्या चढेल, कोणता पडेल, याचा अंदाज बांधतं. मशीनला वऱ्हाडी समजत नाही, म्हणून आमची गरज.

वडनेरचं आपलं स्वयंपाकघर आज सारखं डोळ्यांपुढे येतं. तू भाकरी थापते आहेस. शेजारची काकू दारात बसून हेल काढून रडते आहे. तिचा दीर गेला आहे, आणि त्याच्याशी तर तिचा उभा दावा. मी हसून म्हणते, "माय, काकू काय नाटक करते वं!" तुझा हात थांबतो. "काऊन वं, तिच्या पोटात शिरून पाह्यलं काय तुनं? ऊठ. तांब्या घे, पाणी नेऊन दे तिले." मी तोंड वाकडं करत गेले होते. काकूने तांब्या एका दमात संपवला आणि पुन्हा रडायला लागली.

परवा मशीनच्या सरावासाठी जुन्या पोस्टी आल्या. त्यात यांचा फोटो निघाला. लग्नातला, कडेला माझा अर्धा खांदा. कंपनीत भट्टी फुटून हे गेले, त्या दिवशी यांच्या सोबत्याने टाकलेला. खाली लिहिलं होतं, "आपला भाऊ गेला बे. कंपनीचं कोणी गेटवर बी नाही आलं. भावपूर्ण श्रद्धांजली," आणि पुढे फुलंच फुलं. ती फुलं पाहून मशीनने 'चांगलं' ठरवलं होतं. मी 'वाईट' दाबलं. ते लाल होऊन परत आलं, म्हणजे खूण चुकली. पुन्हा दाबलं, पुन्हा परत.

आमचा सुपरवायझर वयाने पोरगाच आहे, स्वभावाने बरा. खुर्ची ओढून शेजारी बसला. "मावशी, पण त्या दिवशी या कंपनीचा शेअर हालला बी नाही ना. पडला असता त वाईट. याले तटस्थच टाका."

"माणूस मेला ना बाप्पा."

"हो न. पण मशीनले त्याचं काय? अन् आता अजून परत आलं, त वरचे लोक तुमचं कामच बंद करतीन. मंग मी बी काही करू शकत नाही."

फोटोतला माणूस कोण, हे मी त्याला सांगितलं नाही. तो उठून गेला तरी मी त्या फोटोकडे पाहत राहिले. लग्नात यांनी पांढरा शर्ट घातला होता, कॉलर नवी म्हणून मानेला टोचत होती, आणि दिवसभर हे बोट घालून ती सैल करत होते. फोटोतही बोट तिथंच आहे.

तू काय म्हणाली असतीस, ते ऐकायची माझी तयारी नाही. म्हणून तुला लिहिलेला हा कागद तुझ्या तसबिरीमागेसुद्धा ठेवणार नाही. माय, मी तटस्थ दाबलं. पुढची पोस्ट कुठल्याशा साबणाची होती. मी उठून माठापाशी गेले, पेला भरून घेतला, आणि तो कोणाला नेऊन द्यायचा ते न कळून तसाच धरून उभी राहिले.