घरून नेलेला शब्द

गुरुवार, १२ मार्च

माझ्या लाडक्या बबडीस,

आईचे अनेक आशीर्वाद. परवाच फोनवर बोललो आणि लगेच पत्र, म्हणून तू घाबरशील. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर माझ्या तोंडातून ठरलेलंच निघतं, म्हणून कागद घेऊन बसले.

मशीनचा पट्टा बदलला. शाळेचे गणवेश आलेत, सगळ्या पँटी लांब करायच्या. पोरं काय खातात कोण जाणे. शेजारच्या वकिलीणबाईंना तोच काळा कोट पुन्हा सैल करून हवाय. कोट आटतो म्हणे. मी म्हटलं, हो, काही कोट आटतात.

आता मुद्द्याचं. म्हणजे मुद्द्याच्या जवळचं.

चर्चमागच्या खोलीत फादर दर बुधवारी शास्त्रवाचन घेतात, हे तुला सांगितलं होतं. प्रवचन नाही, चर्चा नाही. शुभवर्तमानातला छोटासा उतारा सावकाश वाचतात, मग सगळे गप्प. ज्याला जो शब्द मनाला लागला तो त्याने मोठ्याने म्हणायचा, बस्स. का लागला ते सांगायचं नाही, आणि दुसऱ्याने त्यावर बोलायचं नाही. मग तोच उतारा पुन्हा. मग ज्याने त्याने त्या शब्दावरून मनातल्या मनात देवाशी बोलायचं, आणि शेवटी नुसतं त्याच्यापाशी बसून राहायचं. तुझी आई तासभर गप्प बसते यावर तुझा विश्वास बसणार नाही. वकिलीणबाईंचाही बसत नाही.

एक लबाडी मात्र मी करत होते. उतारा कुठला ते रविवारीच कळतं. मी मशीनवर बसल्या बसल्या शब्द ठरवून टाकायचे आणि बुधवारी डबा न्यावा तसा घरून घेऊन जायचे. पाळी आली की झाकण उघडायचं. फादर एकदा म्हणाले, "तुम्हाला शब्द फार पटकन सापडतो." मी आपली खूश.

काल आकाशातल्या पाखरांचा उतारा होता, काळजी करू नका म्हणतात तो. मी 'पाखरे' घेऊन गेले होते. वाचायला आमचे निवृत्त पोस्टमास्तर. ते चष्मा घरी विसरले, फादरांचा लावला आणि भलतंच पान उघडून वाचायला लागले. मध्ये बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे कोणी अडवेना. फादरही मान खाली घालून ऐकत बसलेले.

निघाला तो रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्याचा उतारा. तो हाका मारतो, लोक त्याला दटावतात, प्रभू थांबतात आणि विचारतात, तुला माझ्याकडून काय हवंय? लहानपणापासून ऐकत आलेय मी हे. दर वेळी वाटायचं, हे काय विचारणं झालं? आंधळ्याला दुसरं काय हवं असणार?

माझी पाळी आली. 'पाखरे' म्हणावं तर उताऱ्यात पाखरू औषधालाही नाही. सगळे वाट बघताहेत. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला काही नको."

हे शब्द तिथे कुठेच नाहीत गं. पण कोणी हसलं नाही, कोणी दुरुस्त केलं नाही. पोस्टमास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तो प्रश्न परत आला तेव्हा मला कळलं, त्या आंधळ्याच्या जागी मी असते तर काय झालं असतं. प्रभू समोर उभे, आणि मी म्हणाले असते, माझं काय, चाललंय, तुम्ही व्हा पुढे, तुम्हाला उशीर होईल. आणि ते गेले असते. बळजबरी करणाऱ्यांतले ते नव्हेत. मला रडूच आलं. रुमाल शोधायला गेले तर पर्समध्ये मोजायची टेप.

तूही तेच विचारत होतीस. तिकडे हेडनर्सची जागा घेऊ, की इथल्या हॉस्पिटलात बदली मागू? आई, तुला काय हवंय? महिनाअखेर तुला कळवायचंय, आणि माझं दर वेळी एकच, "मला काही नको, तुझं तू बघ." तुझे बाबा गेल्यापासून तर हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणते. मला वाटायचं, मी तुला मोकळं ठेवतेय. खरं सांगू? मागितलं आणि तू नाही म्हणालीस तर, याची मला भीती होती.

तेव्हा आता मागते. बदली माग. इकडे ये. माझ्याच घरात राहा असं नाही, वेगळी जागा घे, पण संध्याकाळी दार वाजलं की ती तू असावीस असं मला फार वाटतं. मला एकटीला करमत नाही. तुला तिकडचीच जागा मनापासून हवी असेल तर जरूर घे. मी चार दिवस रडेन आणि पुन्हा मशीनवर बसेन. फक्त माझ्या 'काही नको'वर विसंबून ठरवू नकोस. ते खोटं होतं.

आता तू विचारशील, काय झालं, कुठे पडलीस का, कसला रिपोर्ट आलाय का. पडले नाही. रिपोर्ट नाही. काहीही झालेलं नाही. नर्स म्हणून नकोयस तू मला, बबडे. नुसती हवी आहेस.

वाट पाहते, असं पहिल्यांदाच लिहिणारी,
तुझी आई