शेजारच्या खुर्चीतले शिंपीबुवा

१२ जानेवारी, रविवार

घात झाला! आणि तो मीच केला.

तिसरी शर्यत. आठवडाभर टिपणं काढून मी आठ नंबरची तांबडी घोडी हेरली होती. तिच्या पाठीवर बावन्न किलो, त्यात जॉकी शिकाऊ, म्हणून आणखी तीन किलोंची सूट. (चांगल्या घोड्यावर ओझं जास्त, दुबळ्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखीच संधी! असला न्याय मी कचेरीत पस्तीस वर्षं शोधला.) एकोणपन्नास किलोंत ती उडणारच. शेजारी नेहमीप्रमाणे शिंपीबुवा. हा माणूस कागद बघत नाही, घोड्याच्या अंगावरून नजरेनंच टेप फिरवतो. म्हणाले, "कविराज, मला तो काळा बरा वाटतोय. खांदा बघा, बेतून शिवल्यासारखा." मी हसलो. एवढी गळ घातली की शेवटी म्हणाले, "बरं बाबा, तुमचीच घोडी," आणि खिडकीकडे गेले.

घोडे समोरून रिंगणात चालले होते आणि मला पाचवीच्या पुस्तकातली रणघोड्याची कविता आठवली. गुरुजी टेबलावर ताल धरून म्हणायचे ती. चारही कडवी म्हटली, डोळे मिटून! तेवढ्यात कर्ण्यावरून सांगितलं म्हणे – शिकाऊ जॉकी आजारी, त्याच्या जागी मुरलेला. सूट गेली. तीन किलो परत पाठीवर. मला पत्ताच नाही!

घोडी सहावी आली. काळा पहिला. शिंपीबुवांनी टोपी उचलली आणि पुढच्या शर्यतीआधीच निघून गेले.

१९ जानेवारी, रविवार

आले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर मी दुर्बीण ठेवली. एकानं विचारलं, "कुणी आहे का इथं?" आहे, म्हटलं.

२० जानेवारी

किती लावले असतील? नव्या मशीनसाठी साठवतोय असं मागे म्हणाले होते. ते तर नाहीत ना?

२३ जानेवारी

अकरा वर्षं शेजारी बसलो आणि नाव विचारलं नाही. दुकान कुठे, घरी कोण, काही नाही. ते मला कविराज म्हणणार, मी त्यांना शिंपीबुवा. त्यात सगळं आलं असं वाटायचं.

ही गेल्यापासून माझ्याशी हक्कानं भांडणारा तेवढा एकच माणूस. आज दिवसभरात मी दोन शब्द बोललो – "अर्धा लिटर". दूधवाल्याशी. मग संध्याकाळी आवाज आहे का बघायला म्हणून एक कविता मोठ्यानं म्हटली. दुसऱ्या कडव्यात अडलो.

२६ जानेवारी, रविवार

आजही नाहीत. पैसे घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं. "अहो आजोबा, ते येतात की! हल्ली पलीकडच्या स्वस्त स्टँडात बसतात. माझे ब्लाउज त्यांच्याकडेच असतात ना." दुकानाचा पत्ताही दिला.

स्वस्त स्टँडात! म्हणजे धुऊन निघाले बिचारे. आणि मला टाळतायत. एकही शर्यत न बघता घरी आलो.

२८ जानेवारी, मंगळवार

गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं, शाळेत पाठांतर घोकायचो तसं.

टीचभर दुकान. मला बघताच शिंपीबुवा सटकन पडद्याआड! पुढे त्यांची बायको काजं करत बसलेली. म्हटलं, "वहिनी, बुवांचं नुकसान माझ्यामुळे झालं. मी थोडं थोडं करून भरून –"

"कसलं नुकसान?" त्यांनी सुई थांबवली. "त्या काळ्या घोड्यानं ही नवी मशीन आणली आमच्याकडे."

बघतो तर खरंच. चकचकीत!

"तुम्ही ते कविराज होय? अहो भावोजी, तुमच्या घोड्यावर ह्यांनी अकरा वर्षांत एकदाही पैसे लावले नाहीत. तुमच्यासमोर मान डोलवायची आणि खिडकीवर जाऊन आपलंच खरं करायचं. या खेपेला एवढे मिळाले, आणि तुम्ही तिथं तोंड पाडून बसलेले. लाज वाटली, म्हणून लपत फिरतायत!"

पडद्याआडून खोकला. मग आवाज – "चहा दे त्यांना."

मी थांबलो नाही.

२९ जानेवारी

एकदाही नाही! अकरा वर्षं, चौदा वह्या टिपणं. दर रविवारी मी बोट नाचवत वजनं समजावतोय आणि हा गृहस्थ "वा, वा!" म्हणतोय. कुणाला सांगू हे? सांगायचं तर त्यांनाच सांगितलं असतं.

३० जानेवारी

पाऊलही ठेवणार नाही तिथं.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्याच्या शर्यतींचं पुस्तक सवयीनं आणलंच. पेन्सिल हातात घेतली आणि तशीच राहिली. त्यांना माझे घोडे कधी नकोच होते. तरी अकरा वर्षं, दर रविवारी, येऊन माझ्याच शेजारी बसत होते!

उद्या स्वस्त स्टँडाचं तिकीट काढतो.