रंजिताची तीज

यवतमाळ,
भाद्रपद, २०१७

प्रिय मोती,

हातात फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करते, असं तू म्हणशील. खरं सांगते. फोनवर तुझा आवाज आला की मी गोड बोलायला लागते, आणि गोड बोलता बोलता जे सांगायचं तेच गिळून टाकते. परवा तुझा फोन आला तेव्हाही तेच झालं. तू रडत होतीस आणि मी तुला, होईल सगळं ठीक, असलं काहीतरी सांगत बसले. फोन ठेवल्यावर स्वतःचाच इतका राग आला की चहा उतू गेला तरी उठले नाही. कागदाला निदान रडू येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तू चष्मा लाव आणि सावकाश वाच. आणि वाचताना लेकीला, रंजिताला शेजारी बसवू नकोस, ते नंतर.

इकडे यवतमाळात दवाखाना फवारणीवाल्यांनी भरला आहे. कपाशी यंदा माणसाच्या डोक्याएवढी वाढली, फवारताना औषध तोंडावर येतं, डोळ्यांत जातं. आमच्या गल्लीतल्या डोमाजीला चार दिवस दिसत नव्हतं. आता थोडं दिसतं म्हणतो, पण त्याच्या बायकोचा विश्वास बसत नाही, ती त्याच्यासमोर बोटं धरून विचारते, किती आहेत सांगा. हसू नये अशा जागी हसू येतं बघ माणसाला.

मागे तू विचारलं होतंस, नलू, तू नेमकं करते काय वं? बाटल्याच भरत फिरते का? तेव्हा मी तुला टोलवलं होतं. आता सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जोराचा पाऊस आला की शेतावरून, रस्त्यावरून, जिनिंगच्या आवारातून पाणी धावतं ते सगळं घेऊन नाल्यात जातं. नाल्यातून पैनगंगेत, वर्धेत. त्या पाण्यात काय काय असतं, हे आपल्या जिल्ह्यात कुणी नीट मोजलेलं नाही. ते कसं मोजायचं याचा आराखडा करायचं काम आमच्या संस्थेकडे आलं आणि माझ्या गळ्यात पडलं. कुठले नाले घ्यायचे, कुठल्या जागी पाण्याचे नमुने आपोआप भरून घेणारी पेटी बसवायची, किती पाऊस झाला की बाटली भरायची. पूर चढत असतानाच पाणी धरावं लागतं. पूर ओसरला की राहतो नुसता गाळ, त्यात शोधायला काही उरत नाही. आणि या सगळ्या घाण नाल्यांशी ताडून बघायला एक चांगला नाला लागतो, ज्याच्या वर शेती नाही, वस्ती नाही, फक्त जंगल आहे. त्याला आम्ही तुलनेचा नाला म्हणतो.

तुलनेचा नाला म्हटल्याबरोबर मला तुझा तांडा आठवला. तू लग्न होऊन झरी जामणीच्या त्या जंगलात गेलीस तेव्हा तुला भेटायला आले होते, आठवतं? आपण दोघी त्या डोहात पाय सोडून बसलो होतो आणि तळाचे गोटे दिसत होते. मी नकाशावर लगेच ठिपका दिला.

आता नियम ऐक. पेटी बसवायच्या आधी नाला वरपर्यंत चालून बघायचा, थेट उगमापर्यंत. हा नियम मीच आराखड्यात लिहिला आहे, जाड अक्षरात. बाकीचे सगळे नाले मी वैशाखाच्या उन्हात चालले. पायाला फोड आले, एका ठिकाणी कुत्र्यांनी पिटाळलं. तुझा नाला मात्र चालले नाही. तो चालायला म्हणून आले त्या दिवशी तू बाटी केली होतीस, सोबत लसणाची चटणी आणि वर कच्चं तेल. मी दोन खाल्ल्या, मग तिसरी खाल्ली, मग तुझ्या छपरीत आडवी झाले. हा तर आपला नाला, याचं काय बघायचं, असं मनात आलं आणि मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. ओळखीच्या माणसाची चौकशी करायची लाज वाटावी, तशी मला त्या नाल्याची चौकशी करायची लाज वाटली.

पेटी बसवायला आले तेव्हा अख्खा तांडा जमला होता. पळसाला साखळीनं बांधलेली ती पत्र्याची पेटी, तिच्यावर लावलेली पाटी. तुझे सासरे, तांड्याचे प्रमुख हिरासिंग नायक, पागोटं बांधून आले आणि पाटीवर हात फिरवून म्हणाले, आपला नाला पास झाला. मी त्यांना म्हणायला हवं होतं की नायक, अजून काहीच पास झालेलं नाही, ही तर सुरुवात आहे. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी नुसती हसले. रंजितानं मला बाजूला घेऊन विचारलं, मावशी, खरंच आपल्या नाल्याचं पाणी साऱ्यात चांगलं हाय का? आणि मी, एवढी शिकलेली, पेटीला अजून एक थेंब लागलेला नसताना, तिच्या गालाला हात लावून म्हणाले, साऱ्या जिल्ह्यात तुमच्या नाल्यासारखं पाणी नाही. तेव्हाच तिनं लाजत लाजत पुसदकडच्या त्या मुलाचं सांगितलं. तो आयटीआय करतो, फोनवर फार बोलत नाही पण हिचं ऐकून घेतो, असं म्हणाली. तिजेला त्याच्या घरचे येणार होते. पोरगी इतकी आनंदात होती की मला माझंच लग्न ठरल्यासारखं वाटलं.

तीज म्हटलं की मला केळापूर आठवतं. आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडे तुमचा तांडा. श्रावणात तुम्ही पोरी वारुळाची माती आणायच्या, परडीत भरायच्या, गहू पेरायच्या. त्या कोंबांनाच तुम्ही तीज म्हणायच्या, आणि जिची तीज उंच वाढेल तिला घर चांगलं मिळतं असं मानायच्या. मग तेवढे दिवस अळणी जेवायच्या, रोज डोक्यावर घागरी घेऊन गाणी म्हणत पाणी घालायला जायच्या, आणि मी मागे मागे. मला एकच हवं होतं, माझ्या नावाची एक परडी. तुझ्या आईला मी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, बाई, ती तांड्याच्या लेकीची असते. दुष्टपणानं नाही म्हणाल्या, पण मी घरी येऊन जेवले नाही. माझे वडील, बळीरामबुवा, कडक माणूस. ते म्हणाले, आपण दीक्षा घेतलेली माणसं, आपल्याला परड्या कशाला पाहिजेत. मला दीक्षा कळत होती, पण परडीही पाहिजे होती. मग तू तुझ्या परडीत एका कोपऱ्यात चिमूटभर गहू माझ्या नावानं टाकलास आणि कुणाला सांगितलं नाहीस. तेवढे कोंब मी रोज ओळखून काढायची.

म्हणून यंदा तीज संपल्यावर तू पहिला फोन करून जे सांगितलंस ते मला दुसऱ्या कुणाहून जास्त कळलं. नायकांच्या घरच्या मांडवात सगळ्या पोरींच्या परड्या वीतभर वाढल्या, पिवळ्याधमक. आणि मधोमध रंजिताची परडी. कोंब आले, बोटभर झाले, मग शेंड्यापासून जांभळे पडले, बुडात सडले आणि हात लावला की उपटून येऊ लागले. त्याच दिवशी पुसदचे पाहुणे मांडवात उभे. मुलाच्या आत्यानं परडी कुणाची ते विचारलं. नंतर चहा घेतला, पाहुणचार घेतला आणि सोयरिकीचं दिवाळीनंतर बघू म्हणून गेले. विसर्जनाच्या वेळी बायांनी रंजिताची परडी मागे ठेवली. तू फोनवर म्हणालीस, नलू, मी पोरीले मारलं वं. तिले इचारलं, अळणी खाल्लं का नाही, काही उष्टंखरकटं शिवली का, कोणासंग गेलती का. पण थे एकच सांगते, म्या काहीच केलं नाही. काहून अशी वाळली मंग तिची तीज?

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, मोती. एवढं तरी खरं मान. पण तू जाता जाता जे बोललीस ते मनात रुतलं. बाकीच्या पोरी नायकांच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. रंजिता एकटी उतरण उतरून डोहावर जायची, घागर भरून वर यायची, कारण मावशीनं सांगतलं होतं ते पाणी साऱ्यात चांगलं हाय. तुला ते पोरीच्या कष्टाचं कौतुक म्हणून सांगायचं होतं. मी मात्र फोन ठेवला आणि पेटीतल्या बाटल्यांची नोंदवही काढली.

तिजेच्या आदल्या आठवड्यात तुमच्याकडे मोठा पाऊस झाला होता, त्याच्या बाटल्या पेटीत भरल्या होत्या. त्यांची तपासणी झाली आणि त्यात तण मारायचं औषध निघालं. मग जे वैशाखात करायला हवं होतं ते मी पोळ्यानंतर केलं. तुला न सांगता आले आणि नाला चालून वर गेले. वळणापलीकडे, तांड्यातून दिसत नाही अशा जागी जंगल तोडून मोठी कपाशी लावलेली आहे. कुणीतरी बाहेरच्यानं मक्त्यानं केलेली. त्या कपाशीत तण मारायचं औषध फवारतात, आणि ड्रम नाल्यावरच धुतात. रिकामे डबे तिथेच पडलेले होते. ते औषध कपाशीला काही करत नाही, फक्त गवत मारतं. आणि गहू म्हणजे गवतच, मोती. बाकी काही नाही. तुझी पोर रोज त्या डोहाचं पाणी देवाचं म्हणून आणत होती आणि आपल्याच हातानं आपली तीज मारत होती, माझ्या शब्दावर.

परत येताना तुझ्या दारावरून गेले. तू अंगणात शेंगा वाळवत होतीस, पाठ माझ्याकडे होती. मी थांबले नाही.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुलनेचा नाला खराब निघाला तर आराखडाच अडकतो, ठिपका जंगलात आत सरकवा, आणि अहवाल बाहेर पडेपर्यंत कुठे बोलू नका. मी सरकवला. नकाशावर ते इतकं सोपं असतं. ठिपका सरकला की तुमचा नाला ना चांगल्यांत राहिला ना वाईटांत, तो कुठेच राहिला नाही. त्याचं पाणी पुन्हा कुणी तपासणार नाही, आणि रंजिताची तीज का वाळली हे कधी कुणाला कळणार नाही. हे सगळं माहीत असताना परवा मी तुला फोनवर म्हणाले, होईल सगळं ठीक. आणि तू म्हणालीस की रंजिता आता कुणाच्या बारशालाही जात नाही, बाया बोलावतच नाहीत.

आज सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि म्हणाले, ठिपका परत लावते, तुलनेचा म्हणून नाही, खराब म्हणून. त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला, शिपाई दारात येऊन उभा राहिला. काम राहील की जाईल ते बघू. पण ते माझं मला बघू दे, तू त्याची काळजी करत बसू नकोस. तुला करायचं ते वेगळं आहे.

हे पत्र घरात वाचून ठेवून द्यायचं नाही. नायकांच्या दारी बाया जमतील तेव्हा मोठ्यानं वाचायचं, माझ्या बाटी खाऊन झोपण्यासकट. फोनवरचं बोलणं चार तोंडांत चार प्रकारचं होतं, म्हणून कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. आधी सगळ्यांना सांग की डोहावर जनावरं नेऊ नका, पोरांना पोहू देऊ नका. मग रंजिताला जवळ बसव आणि सांग की तिची तीज तिच्यामुळे वाळली नाही. तिची माफी मी मागणार आहे, पण तू मारलंस त्याची तुला मागावी लागेल, आईनं मागितली तर काही कमी होत नाही. मी रविवारी येते. येताना पुसदच्या त्या आत्याबाईंनाही घेऊन येईन, पत्ता रंजिता देईल. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी आता कुणालाच म्हणणार नाही, तो एकदा ठेवून झाला आहे. नायकांना विचारून मांडवात दोन परड्या मांड. श्रावण गेला, ही काही तीज नव्हे, नुसता गहू आहे, हे त्यांना सांग. एक रंजिताच्या नावाची, तिला विहिरीचं पाणी. दुसरीला डोहाचं, ते मी स्वतः उतरून आणीन आणि रोज घालीन, वाळेपर्यंत तांड्यातच राहीन. ती परडी माझ्या नावानं मांड. लहानपणी मागितली होती ती हीच समज, आणि या वेळी कोपऱ्यात चिमूटभर नको, पूर्ण परडी दे. सगळ्यांसमोर ती माझ्या नावानं वाळू दे.

तुझीच,
नलू